उभी मोटार आणि नासणारें पेट्रोल



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटेल. जन्मभर मुलांना शुद्धलेखन आणि त्रैराशिक शिकविलेल्या माणसानें मोटारीच्या पेट्रोलावर काय बोलावें, हा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें; यंत्रविद्या मी कधीं शिकलों नाहीं. परंतु ठेंच लागलेल्या माणसास दगड कोठें होता हें सांगण्यासाठीं पदवी लागत नाहीं. मला लागलेली ठेंच आपणांस लागूं नये, एवढाच या बोलण्याचा हेतु आहे.

मी राहतों मुलुंडास. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती याच वाटेनें, आणि आजही आमच्याकडील पुष्कळ लोक कामधंद्यास जातात ते आगगाडीनेंच. घरीं मोटार असली तरी ती आठवड्याचे पांच दिवस इमारतीखालीं उभी असते. त्यांतून मुलगा-सून परदेशीं आणि मोटार आईबापांच्या स्वाधीन, अशीं घरें आमच्या भागांत थोडीं नाहींत. माझें घर त्यांपैकींच एक. २०२० च्या जानेवारींत मुलगा नोकरीनिमित्त परदेशीं गेला. अर्धी भरलेली टाकी आणि किल्ली मजकडे सोंपवून, "बाबा, अधूनमधून फिरवीत जा," एवढें सांगून तो गेला. मार्चच्या २५ तारखेस देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि गाडी जागची हलेनाशी झाली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मी रोज सकाळीं फडकें घेऊन तिची धूळ पुसीत असें आणि आपण तिची उत्तम काळजी घेत आहों असें समाधान मानीत असें.

ऑक्टोबरांत एका रात्रीं आमच्या सौभाग्यवतींच्या पोटांत असह्य कळा येऊं लागल्या. बॅटरी उतरलेली होती. शेजारच्या तरुणानें आपल्या मोटारीवरून तारा जोडून दिल्या. इंजिन दोन वेळां खोकलें, तिसऱ्या वेळीं सुरू झालें. फाटकाबाहेर शंभर पावलें गेलों नाहीं तों आचके देऊन बंद पडलें, तें पडलेंच. मागच्या आसनावर कण्हणारें माणूस, रस्ता सुनसान, आणि माझ्या हातांत निरुपयोगी किल्ली! एका रिक्षावाल्याच्या कृपेनें आम्ही रुग्णालयांत पोंचलों, उपचार वेळेवर झाले, आणि आज त्या घरीं बसून हें भाषण ऐकत आहेत. पण तीं वीस मिनिटें मी विसरलेलों नाहीं.

पुढें मेस्त्रीनें टाकी रिकामी केली आणि कांचेच्या बाटलींत थोडें पेट्रोल मला दाखविलें. त्याचा रंग गढूळ पिवळसर झाला होता. वास पेट्रोलाचा नव्हता, जुन्या रोगणाचा होता. पंपाच्या जाळीवर चिकट राप बसला होता. मेस्त्री म्हणाला, "मास्तर, गाडी पुसलीत खरी, पण टाकींतलें पेट्रोल नासलें त्याचें काय?"

पेट्रोल नासतें, हें तोंवर माझ्या स्वप्नींही नव्हतें. तें कां नासतें हें आतां थोडक्यांत सांगतों.

पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नव्हे; खनिज तेलापासून निघालेल्या शेंकडों हलक्या-जड द्रव्यांचें तें मिश्रण आहे. त्यांतलीं सर्वांत हलकीं द्रव्यें हळूहळू उडून जातात. आणि थंड इंजिन चटकन् पेट घेतें तें मुख्यतः त्यांच्याच बळावर. हें पहिलें कारण. दुसरें कारण म्हणजे हवेंतील प्राणवायु. पेट्रोलांतील कांहीं द्रव्यांचा त्याच्याशीं सावकाश संयोग होतो आणि डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. उष्णतेनें ही क्रिया अधिक जलद होते. हाच डिंक पंपाच्या जाळीवर आणि इंजिनांत पेट्रोलाचा फवारा सोडणाऱ्या इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांत जाऊन बसतो.

तिसरें कारण पाणी, आणि तें आपल्याकडे विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. आपल्या देशांत पेट्रोलांत इथेनॉल मिसळतात. हें इथेनॉल उसापासून, तसेंच मका आणि तांदुळाच्या कण्यांपासून होतें. २०१९-२० सालीं त्याचें देशभरांतलें सरासरी प्रमाण शेंकडा ५ होतें. २०२२ मध्यें तें शेंकडा १० झालें आणि २०२५ मध्यें शेंकडा २० पर्यंत पोंचलें. त्यामुळें आयात तेलाची बचत होते आणि ऊंस पिकविणारासही आधार मिळतो. त्यास माझी तक्रार नाहीं. पण इथेनॉलास पाण्याची ओढ असते. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. ठराविक मर्यादेपर्यंत पाणी पेट्रोलांत विरलेलें राहतें. मर्यादा ओलांडली कीं इथेनॉल पेट्रोलाची संगत सोडतें आणि पाण्यासह टाकीच्या तळाशीं जाऊन बसतें. शेंकडा १० इथेनॉलाच्या पेट्रोलांत ही मर्यादा साधारण शेंकडा अर्धा भाग पाण्याची आहे; म्हणजे ४० लिटरांच्या टाकींत अवघें एक पेलाभर पाणी! इथेनॉल अधिक असेल तर ही मर्यादा वाढते हें खरें. पण वेगळें झालेंच तर तळाशीं बसणारा थरही तितकाच मोठा होतो. आणि पंप पेट्रोल ओढतो तें तळांतून. चांगल्या बंद टाकींत इतकें पाणी सहसा शिरत नाहीं. परंतु झांकणाची रबरी कडा झिजलेली असली आणि मोटार चार महिने मुंबईच्या पावसाळ्यांत उभी राहिली, तर धोका खरा आहे.

यावरचा उपाय म्हणजे फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजेच इंधन टिकविणारें औषध. ज्या थंड देशांत हिवाळाभर बर्फामुळें मोटारी, नौका आणि गवत कापण्याचीं यंत्रें बंद ठेवावीं लागतात, तेथें ही बाटली घरोघर परिचित आहे. हिंच्यांतील द्रव्यें प्राणवायूची क्रिया मंद करतात, त्यामुळें डिंक धरण्यास विलंब लागतो. कांहीं बाटल्यांत धातूस गंज चढूं न देणारीं द्रव्येंही असतात.

आतां या औषधाचें मर्म सांगतों. आपल्या घरांतील लोणच्याची बरणी आठवा. मीठ, मोहरी आणि वर तेलाचा थर हें सारें कैऱ्या ताज्या असतांना घालतात. बुरशी धरल्यावर वरून तेल ओतून लोणचें सुधारतें काय? स्टॅबिलायझरचें अगदीं तसेंच आहे. तो टिकवणारा आहे, बरें करणारा नव्हे. नासलेल्या पेट्रोलांत तो ओतणें म्हणजे पैसे ओतणें; आणि पाण्यामुळें एकदां वेगळें झालेलें पेट्रोल तो पुन्हां एकजीव करूं शकत नाहीं. काळजी घ्यावयाची ती गाडी उभी करण्याच्या दिवशीं. त्यानंतर पुसलेली धूळ व्यर्थ.

कृति सोपी आहे. मोटार महिनाभरच उभी राहणार असेल तर औषधाची गरज नाहीं. दोन-तीन महिन्यांहून अधिक काळ उभी राहणार असेल तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणांत तें आधीं टाकींत घालावें आणि वरून ताजें पेट्रोल भरावें, म्हणजे तें नीट मिसळतें. दुप्पट घातल्यानें दुप्पट काळ टिकेल, असें त्रैराशिक येथें मांडूं नये. टाकी भरलेली असावी. म्हणजे आंत हवेस जागा कमी राहते. मात्र पंपाची नळी आपोआप थांबली कीं थांबावें, गळ्यापर्यंत भरूं नये. नंतर दहा-पंधरा मिनिटें मोटार चालवून आणावी. कारण औषध टाकींतच राहिलें तर पंपांतील आणि इंजेक्टरांतील जुनें पेट्रोल तसेंच राहतें. बंद जागेंत इंजिन चालवूं नये. त्याच्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो. शेवटीं एका चिठ्ठीवर तारीख लिहून ती कांचेला आंतून चिकटवावी. बाटलीवर औषधाची मुदत लिहिलेली असते. त्या मुदतींत तें पेट्रोल वापरून टाकावें. डिझेलचे रोग निराळे, म्हणून त्याचें औषधही निराळें. दुकानांत तसें विचारून घ्यावें.

औषधाहूनही चांगला उपाय आहे, तो म्हणजे गाडी चालविणें. आठवड्यांतून एकदां अर्धा तास ती रस्त्यावर फिरली आणि टाकींत मधूनमधून ताजें पेट्रोल पडत गेलें, तर बाटलीची गरज नाहीं. परंतु जागच्या जागीं पांच मिनिटें इंजिन घुरघुरवून बंद करणें हा उपाय नव्हे. इंजिन पुरतें तापत नाहीं, धुराच्या नळींत पाणी सांचतें, आणि बॅटरीची खर्चलेली वीजही भरून निघत नाहीं.

अर्थात् टाकी म्हणजे सर्व मोटार नव्हे. जाण्यापूर्वीं बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी; चाकांत हवा पुरेशी भरावी; हातब्रेक ओढून न ठेवतां चाकांखालीं लांकडी पाचरी द्याव्या. आमच्याकडे उंदीर-घुशी तारा कुरतडतात, म्हणून बॉनेटखालींही अधूनमधून पाहावें. आणि ज्यांची गाडी आधींच कित्येक महिने उभी आहे, त्यांनीं घाईनें किल्ली फिरवूं नये. आधीं मेस्त्रीस बोलावून टाकी तपासून घ्यावी. स्वतः तोंडानें नळी ओढून पेट्रोल काढण्याचें धाडस करूं नये, आणि काढलेलें पेट्रोल डब्यांत भरून घरांत ठेवूं नये.

या वेळीं मुलगा सुटी संपवून परत गेला, त्याच्या आदल्या दिवशीं आम्ही दोघांनीं मिळून हें सारें केलें. बाटलीवरचें प्रमाण मीं चष्मा लावून दोनदां वाचलें, टाकी भरली, आणि सौभाग्यवतींसह ठाण्यापर्यंत जाऊन आलों. चिठ्ठीवरची तारीख मात्र त्यांनीं आपल्या हातानें लिहिली. त्या रात्रीची आठवण आम्हां दोघांच्याही मनांत होती; बोललें कोणीच नाहीं. आपल्या घराखालीं अशी एखादी मोटार उभी असेल, तर आज खालीं उतरून तिच्या टाकींत पेट्रोल केव्हां भरलें होतें एवढें आठवून पाहा. आठवलें नाहीं, तर उद्यांच मेस्त्रीस बोलवा.