दिवाणखान्यातलं उंच झाड

दिवाणखान्यात पुरुषभर उंचीचं झाड हवं असेल, तर नर्सरीत जाण्याआधी घरातला उजेड पाहा. दुपारी दिवा न लावता जिथे वर्तमानपत्र आरामात वाचता येतं, ती झाडाची जागा.

अशा जागेसाठी माझी पहिली पसंती रबराच्या झाडाला. वड-पिंपळाच्या कुळातलं हे झाड ईशान्य भारतातही मूळचंच; मेघालयातले जिवंत पूल याच्याच मुळांचे. याचं नवं पान लालसर वेष्टनात गुंडाळलेलं येतं. पान उलगडलं की वेष्टन आपोआप गळतं, ते ओढून काढू नका. पानांवर धूळ बसली की ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसा. शेंडा छाटला की फांद्या फुटतात; मात्र त्यातून निघणारा पांढरा चीक त्वचेला झोंबतो, तेव्हा मुलांना आणि मांजरांना दूर ठेवा.

उजेड कमी असेल तर ड्रासिना घ्या. अरेका पाम देखणा खरा, पण एसीच्या झोतात त्याच्या पानांची टोकं करपतात.

घरातली झाडं दगावतात ती बहुधा जास्त पाण्याने. बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहा. कोरडं लागलं तरच पाणी घाला, पावसाळ्यात तर आणखी जपून. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. आणि नवं झाड आणल्यावर खालची दोन-चार पानं गळली, तर घाबरून सारखी जागा बदलू नका. महिनाभर त्याला तिथेच रुळू द्या.