पोछा, कूलर आणि मोबाइल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं जग’. वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या बाईला तो झेपेल असं त्यांना वाटलं असावं. पण उद्याच्या जगाबद्दल बोलणाऱ्यांची सध्या काही कमी नाही. म्हणून परवानगी घेऊन मी विषय बदलला. मी बोलणार आहे साफसफाईच्या एका लहानशा धंद्याबद्दल. तो आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचा आहे. ती इथेच बसली आहे. नाव घ्यायचं नाही, असं तिनं बजावलंय.

ती आणि तिची जाऊ मिळून हे काम बघतात. सहा बायका कामाला आहेत. दिवाळीआधी घरांची सफाई, सोफे, पाण्याच्या टाक्या, दोन दवाखान्यांची रोजची झाडपूस, आणि उन्हाळ्यात कूलर. पुण्या-बंगळुरूला गेलेल्यांना आठवण करून देते, की नागपुरात पारा 45च्या वर चढतो तेव्हा कूलर ही चैन नसते. होळी झाली की सगळ्या शहराला एकाच आठवड्यात जाग येते. टाकीच्या तळाशी गाळ, पंपावर क्षाराचा थर, ताट्या बदललेल्या नाहीत, आणि प्रत्येकाला माणूस आजच पाहिजे.

अशाच गर्दीत एक विक्रेता तिच्याकडे आला. त्याच्या ॲपमध्ये हजेरी, चेहऱ्याची ओळख, कोण कुठे आहे त्याचा नकाशा, बिलं, सगळं होतं. माणशी महिना 300 रुपये. हिनं मला फोन केला, “अवं, तू इंजिनिअर आहेस, घेऊ का नको ते सांग.”

मी म्हटलं, तुझी वही आण.

वही म्हणजे शाळेत आपण वापरायचो तसली दोनशे पानी. एका रविवारी आम्ही दोघी ती घेऊन बसलो आणि मागच्या दोन महिन्यांत काम कुठे कुठे अडलं ते शोधत गेलो. हजेरीवरून भांडण एकदाही झालेलं नव्हतं. सहाच बायका, कोण आली नाही हे हिला सकाळी सातलाच कळतं, का आली नाही तेही कळतं. अडत होतं वेगळंच. होळीनंतरचे पंधरा दिवस काम पेलत नव्हतं आणि फेब्रुवारीत बायका बसून होत्या. पैसे आले की नाही यावरून घोळ होत होते. आणि दोन बायकांची कंबर गेली होती, कारण टाक्यांमधलं पाणी त्या बादलीनं उपसत होत्या.

सहा जणी, 300 रुपये, बारा महिने. वर्षाचे 21,600 रुपये. तेवढ्यात ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा चांगला व्हॅक्युम क्लीनर येतो, आणि तो पुढच्या वर्षी पुन्हा पैसे मागत नाही. मी सॉफ्टवेअरवर पोट भरणारी बाई आहे, तरी तिला आधी मशीनच घ्यायला लावलं. टाकीचा गाळ आता मशीन ओढतं.

कूलरच्या गर्दीवरचा उपाय फुकटचा होता. मागच्या वर्षीची गिऱ्हाइकं वहीतून काढून मोबाइलवरच्या एका तक्त्यात भरली. नाव, वस्ती, कूलर किती, काम कोणत्या तारखेला झालं. वस्तीप्रमाणे लावली आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून रोज थोड्यांना निरोप गेले, ‘होळीआधी करून घ्या, नंतर थांबावं लागेल.’ मनीषनगरची कामं एका दिवशी, त्रिमूर्तीनगरची दुसऱ्या. पेट्रोल वाचलं ते वेगळंच. तोच तक्ता पावसाळ्यात पुन्हा उपयोगी पडला. कूलरमध्ये पाणी साचून राहिलं, की डेंग्यूचा डास आठवड्याभरात अंड्याचा पुरता डास होतो. त्यामुळे कूलर रिकामा करून, पुसून, झाकून ठेवायचं कामही आता ती घेते.

निरोपांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस. ते आपल्याकडे 2018 साली आलं, लहान धंद्याला पैसे पडत नाहीत. अट एकच घातली की धंद्याचा नंबर वेगळा हवा. घरच्या फोनवर गिऱ्हाइकं ठेवली, की पोरगं एक दिवस फोन बदलतं आणि नंबर जातात. पैशांचा घोळही साधाच निघाला. बायका गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा हिरवा बरोबरचा शिक्का पाहून निघून येत. तसं चित्र कुणीही बनवू शकतं. आता हिच्या फोनवर खात्यात रक्कम आल्याचं दिसलं, की ती “आले” असा आवाजी निरोप टाकते आणि मगच त्या निघतात. आवाजी अशासाठी, की एकीला वाचता येत नाही.

आता त्या नकाशाबद्दल. आपल्या महानगरपालिकेनं सफाई कर्मचाऱ्यांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली होती, हे नागपूरकरांना आठवत असेल. ठेकेदारी, नावापुरती हजेरी, खोटी नावं या अडचणी खऱ्या आहेत, नाकारत नाही. पण माणूस आपल्या रस्त्यावर झाडत असताना घड्याळ त्याला भलतीकडे दाखवतं आणि पगार कापला जातो, अशा तक्रारी पुढे आल्या. चंदीगडमध्येही अशाच घड्याळांविरुद्ध सफाई कामगार उभे राहिले.

यात तांत्रिक नवल काही नाही. ते उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,000 किलोमीटर वर आहेत. त्यांचा क्षीण संदेश महालातल्या अरुंद गल्लीत भिंतींवर आपटून येतो आणि ठिकाण कितीतरी मीटरनं चुकतं. नकाशावरची हद्द काटेकोर आखली, की हद्दीतला माणूस बाहेर दिसतो. यंत्र थोडं चुकणारच, हे त्याच्या बनावटीतच आहे. पण चुकीची भरपाई झाडणाऱ्याच्या पगारातून करायची, हे कुठल्या उपग्रहानं ठरवलेलं नाही, ते माणसांनी ठरवलं. मला राग येतो तो इथे.

मैत्रिणीची काळजी निराळी होती. बाई एकटी अनोळखी घरात जाते, ती नीट आहे ना? त्यासाठी आम्ही ठरवलं, की नव्या घरी जाताना बाईनं स्वतःच आपलं चालू ठिकाण व्हॉट्सॲपवर पाठवायचं. त्यात पंधरा मिनिटं, एक तास, आठ तास असे पर्याय असतात. वेळ संपली की ते आपोआप बंद होतं. सुरू करणारी तीच, बंद करणारीही तीच. पहिल्या आठवड्यात दोघींनी पाठवलं नाही. हिनं पगार कापला नाही, विचारलं. एकीचा डेटा संपला होता. आता रिचार्जचे पैसे धंद्यातून जातात.

ज्यात वीजसुद्धा लागत नाही, असं एक तंत्रज्ञान मला सगळ्यात जास्त आवडतं. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. वापरलेली सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, अशी मोहीम तिनं चालवली. ठिपका दिसला की ते पुडकं हातानं उघडावं लागत नाही. एवढंच. कल्पना करा, ही गरज ओळखायला कचऱ्यात हात घातलेली माणसंच लागली.

ते ऐकून हिनं संडासाचं फडकं लाल, स्वयंपाकघराचं हिरवं, बाकी घराचं निळं केलं. बाटल्यांवर रंगीत पट्ट्या लावल्या. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं, की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. लाल पट्टीची बाटली आणि पांढऱ्या पट्टीची बाटली एका बाथरूममध्ये एका वेळी न्यायचीच नाही, हा नियम वाचता न येणाऱ्या मावशींनी सगळ्यांत आधी पाठ केला. प्रयोगशाळेत चिठ्ठी नसलेल्या बाटलीला हात लावू न देणारे सर आज पहिल्या रांगेत आहेत. सर, तुमचा धडा कुठे पोचला बघा.

विक्रेत्याला तिनं अजून कायमचं नाही म्हटलेलं नाही. सहाच्या साठ बायका झाल्या, तर वही आणि तक्ता पुरणार नाही, हे मी तिला सांगितलंय. त्या वेळी विचारायचे प्रश्न मात्र कागदावर लिहून दिलेत: आमची सगळी माहिती एका दिवसात परत मिळेल का, पैसे भरणं थांबवलं तर तिचं काय होईल, आणि बायकांचे चेहरे तुम्ही कुठे ठेवता. शेवटच्या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर मिळालं नव्हतं.

सध्या तिच्यापुढे नवीच अडचण आहे. मिहानमधल्या एका ऑफिसचं मोठं काम येऊ घातलंय आणि त्यांना जीएसटीचं बिल हवंय. सेवा देणाऱ्यांना वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी सक्तीची नसते. ती अजून त्याच्या आत आहे. आपणहून नोंदणी केली तर घरगुती गिऱ्हाइकांवर 18 टक्के चढतील. नोंदणी नाही केली तर ऑफिस हातचं जाईल. याचं उत्तर माझ्या संगणकात नाही. आपल्या वर्गातले तीन जण सीए झालेत, असं यादीत दिसतंय. त्यांनी जेवणाच्या रांगेत आम्हा दोघींना गाठावं. वही आम्ही सोबत आणली आहे.