सकाळचं वजन आणि लघवीची गोळी

ज्यांच्या हृदयाची ताकद कमी झाली आहे, त्यांच्या घरी पाण्यावरून हमखास कुरबूर असते. सून ग्लास मोजते, सासूबाई तहानेनं कासावीस होतात. पण मी पाण्याआधी वजनकाट्याबद्दल बोलणार आहे.

हृदय जोरानं रक्त ढकलेनासं झालं की मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोहोचतं. मूत्रपिंड समजतं, अंगातलं पाणीच आटलं. म्हणून ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं. हे पाणी साचतं आधी आणि दिसतं नंतर. घोट्यावर बोट दाबून खळगा पडू लागतो, तोवर कित्येकदा दोन-तीन लिटर जास्तीचं पाणी अंगात जमलेलं असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. काट्याला ते सुजेच्या आधी कळतं.

सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन यायचं आणि चहा घ्यायच्या आधी काट्यावर उभं राहायचं. रोज तोच काटा, फरशीवर ठेवलेला, आणि अंगावर साधारण तेवढेच कपडे. आकडा लगेच लिहून ठेवायचा. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वजन वाढलं, तर ते खाण्यापिण्यानं आलेलं बाळसं नव्हे, ते पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

माझ्याकडे येणाऱ्या एक आजी कॅलेंडरचं पानच घेऊन येतात. दुधाच्या हिशेबाशेजारी बारीक अक्षरात वजन लिहिलेलं असतं. एकदा त्या पानावर ५२.४, ५२.६ असं चालत आलेलं वजन ५३.८ झालं आणि मग थेट ५४.९. मधल्या चौकोनात लिहिलं होतं, 'बारसं'. नातीच्या बारशाला त्या एसटीनं गेल्या होत्या. वाटेत बाईमाणसानं लघवीला जायचं कुठे, म्हणून जाता-येता दोन्ही दिवस साचलेलं पाणी बाहेर काढणारी लघवीची गोळी घेतलीच नव्हती. वर पापड आणि लोणचं होतंच. मी त्यांना दोष कसा देऊ? या गोळीचा जोर काही तासच असतो. मुक्कामी पोहोचल्यावर दुपारी घेतली असती तरी चाललं असतं, पण हे त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं. बायका प्रवासात ही गोळी चुकवतात हे आम्हा डॉक्टरांना ठाऊक आहे, तर त्यांनी विचारायची वाट आम्ही का पाहावी?

म्हणून डॉक्टरांकडून दोन गोष्टी लिहून घ्या. अंगात जास्तीचं पाणी नसताना तुमचं वजन किती, आणि ते किती वाढलं की लघवीची गोळी किती व किती दिवस वाढवायची. नीट शिकवलं तर रुग्ण हे घरच्या घरी उत्तम करतात. उलटही विचारून ठेवा. जुलाब-उलट्या होत असतील, किंवा कडक उन्हाळ्यात वजन उतरून उठताना चक्कर येत असेल, तर तीच गोळी कमी करावी लागते. निर्जळी उपवास तर विचारल्याशिवाय करूच नका.

आता पाणी. पूर्वी सरसकट दीड लिटरची मर्यादा सांगत. नेदरलँड्समध्ये ५०४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तब्येत स्थिर असलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना दीड लिटरची मर्यादा घातली, बाकीच्यांना हवं तेवढं पिऊ दिलं. तीन महिन्यांनी पाहिलं तर मर्यादेचा ठळक फायदा दिसला नाही, तहानेचा त्रास मात्र जास्त झाला. तेव्हा सूज नसलेल्या, वजन जागेवर असलेल्या आजींच्या हातातला ग्लास काढून घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. ज्यांना मर्यादा सांगितली आहे त्यांनी मात्र ती पाळावी. त्यासाठी सकाळी दिवसभराचं पाणी बाटल्यांत भरून ठेवा. चहा, ताक, पातळ आमटी असं काहीही घेतलं की तेवढं पाणी बाटलीतून काढून टाका. संध्याकाळी किती उरलं ते रुग्णाला स्वतःलाच दिसतं, कुणी टोकायला नको.

मिठाचं बहुतेकांना माहीत असतं, पण सुकट, फरसाण आणि खारी विसरली जाते. 'कमी सोडिअम'चं म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम असतं. हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक वाढू शकतं, म्हणून आपल्या मनानं वापरू नका. गुडघेदुखीवर दुकानातून आणलेलं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकही पाणी साठवतं.

आणि रात्री आडवं पडल्यावर धाप लागून उठून बसावं लागलं, एका उशीच्या तीन उशा झाल्या, तर वजन वाढलेलं नसलं तरी डॉक्टरांना गाठा. बसल्या जागी श्वास पुरत नसेल किंवा खोकल्यातून गुलाबी फेस येत असेल, तर काट्यावर उभं राहण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत रुग्णाला पाय खाली सोडून बसवून ठेवा.