बिडाच्या गावात शिल्पाची शाळा

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्राँझची एक लहानशी मूर्ती आहे. ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे, तिथं १९४०च्या दशकात जुनी वस्ती उकरली गेली, तेव्हा ती हाती आली. सातवाहनांच्या काळात या मुलुखाचा रोमन जगाशी व्यापार होता, त्याची ती खूण. तिथंच ब्राँझचा एक हत्तीही सापडला, पाठीवर माणसं घेतलेला. बोलबाला समुद्रदेवाचा होतो. मला तो हत्ती जवळचा वाटतो. देव जहाजातून आला असेल, हत्ती आपल्याकडच्याच कुणी ओतला असणार.

कसा ओतला असेल? मूर्ती आधी मेणाची करायची. तिच्यावर बारीक मातीचे थर द्यायचे, वाळवायचे आणि भाजायचे. मेण वितळून वाहून जातं, आत मूर्तीएवढी पोकळी उरते. तिच्यात धातूचा रस ओतायचा. निवल्यावर माती फोडली की मूर्ती बाहेर. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ही रीत नोंदवून ठेवली आहे. मी बी.ए. झालो तोवर मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी गडमुडशिंगीत राहतो. सकाळी आमच्या रस्त्यानं मोटारसायकली निघतात, हँडलला जेवणाचा डबा. कुणी गोकुळ शिरगावला, कुणी शिरोलीच्या एमआयडीसीत. त्यातले कितीतरी फौंड्रीत कामाला. शेतीच्या ऑइल इंजिनांच्या निमित्तानं कोल्हापुरात बिडाचं ओतकाम वाढलं, आता मोटारगाड्यांचे भाग निघतात. चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला रस इथं रोज साच्यात पडतो. आणि याच शहरात कलामहाविद्यालयं आहेत. शिल्पकलेचा विद्यार्थी मातीत काम करतो, प्लास्टरचा साचा काढतो, फार तर फायबरमध्ये काम पुरं करतो. धातूपर्यंत पोचणारे थोडे, कारण ब्राँझ परवडत नाही. ही रड जुनीच. गणपतराव म्हात्रे यांची गाजलेली ‘मंदिरपथगामिनी’ प्लास्टरची आहे. सासवण्याच्या नानासाहेब करमरकरांनी पुढं कितीतरी शिल्पं सिमेंटात केली. पण त्यांच्या गावाभोवती फौंड्र्या नव्हत्या. आमच्याभोवती आहेत.

पुतळ्यांशी या शहराचं नातं साधंसुधं नाही. गव्हर्नर विल्सनचा पुतळा लोकांनी टिकू दिला नाही. त्या जागी १९४५ साली शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला, तो बाबूराव पेंटर यांनी घडवलेला. सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार करणारा हा माणूस. बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. भाई माधवराव बागलांचा पुढाकार, शिल्पकार बाळ चव्हाण. बाबासाहेब तेव्हा हयात होते. मुसलमान माणूस पुतळ्यांवर काय बोलतोय, असं कुणाच्या मनात येईल. आमच्या भागात मोहरमला पंजे बसतात, तेही धातूचेच, आणि ते खांद्यावर घेणाऱ्यांत मराठ्यांची पोरंही असतात. धातूला आमच्याकडं कुणी जात विचारत नाही. माणसं विचारतात, तो विषय वेगळा.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही चार-पाच जणांनी मिळून गावातल्या मुलांसाठी दहा दिवस ओतकाम ठेवलं. आठवी-नववीची चौदा मुलं. कलामहाविद्यालयातली एक विद्यार्थिनी माती शिकवायला आली आणि ओतायला शिकवलं एका निवृत्त मोल्डरनं. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. ब्राँझ झेपणार नव्हतं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणून मुलांनी घरातली चेमटलेली पातेली आणली. मागं सपाट, पुढं उठाव, अशी शिल्पं आधी मातीत केली, मग प्लास्टरमध्ये. ती वाळूत दाबून साचे धरले.

आप्पांनी पहिला दिवस नुसत्या वाळूवर घालवला. मुलं कंटाळली. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, “भाई, वाळूत पाणी किती, हे पुस्तकात नसतंय. मुठीला कळतंय.” मूठ आवळायची, उघडायची. गोळा राहिला पाहिजे, आणि मोडला तर मधोमध, कडा न ढासळता. कोरडी वाळू ढासळते. जास्त ओली असली की रसाखाली तिची वाफ होते आणि ओतीव कामात पोकळ्या पडतात, नाहीतर रस अंगावर उडतो. म्हणून ओतताना मुलं खडूच्या रेघेमागं आणि मूस एकट्या आप्पांच्या हातात. या नियमाला त्यांनी कुणाचंही लाडकं पोर अपवाद केलं नाही. चार वर्षं शिल्पकला शिकलेली ती विद्यार्थिनीही रेघेमागं उभी राहून वहीत लिहून घेत होती.

एका मुलीनं म्हशीचं डोकं केलं होतं. ओतल्यावर एक शिंग अर्धंच आलं. आप्पा काही सांगेनात, “बापाला विचार” एवढंच म्हणाले. बाप पंधरा वर्षं मोल्डिंगला. नववीपर्यंत या पोरीनं त्याला कामाबद्दल काही विचारलं नव्हतं. त्यानंही सांगितलं नव्हतं. काळे हात धुऊन घरात यायचं, मुलांनी शिकून ऑफिसात बसायचं, एवढंच त्या घरात ठरलेलं. दुसऱ्या दिवशी तो रात्रपाळी करून थेट शाळेत आला. साचा न्याहाळला, खिशातून तार काढली आणि शिंगाच्या टोकाशी एक बारीक भोक पाडलं. “वारं अडकलं होतं आत. त्याला वाट नको?” मुलं गप्प. मग एकानं विचारलं, “काका, इंजिनाच्या ब्लॉकात अशी किती भोकं ठेवता?” त्यावर तो माणूस वाळूत बोटानं आकृत्या काढत तासभर बोलत होता.

या माणसाला कुठल्याही शाळेच्या नोकरभरतीत जागा नाही, त्याच्याकडं पदवी नाही. मानधनावर, महिन्यातून दोन शनिवार तरी त्याला वर्गात उभं करता येईल की नाही, हे मी तीन शाळांना विचारलं आहे. एका मुख्याध्यापकांनी विचारलं, मुलं भाजली तर? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर त्या खडूच्या रेघेवर उभं राहूनच द्यावं लागेल. एका फौंड्रीवाल्यानं वाळू फुकट देऊ केली आहे. मूस अजून मिळायची आहे. म्हशीचं दुसरं शिंग नीट आलं, डोकं त्यांच्या दारावर लावलं आहे.