‘मनाला लावून घेऊ नका’ हा इलाज नव्हे
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी परीक्षेच्या निकालांवर बोलणार नाही. घराघरांत दडवून ठेवलेल्या एका दुखण्यावर बोलणार आहे.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या थोरल्या बहिणीची झोप उडाली. बाळ झोपले तरी ती जागीच. अन्न जाईना. बाळाला जवळ घ्यावेसे वाटेना आणि तसे वाटत नाही म्हणून ती रडत बसे. दवाखान्यात डॉक्टरांनी सारे प्रश्न तिच्या मिस्टरांना विचारले. “बायकांना असे होतेच, मनाला लावून घेऊ नका,” म्हणून टॉनिक लिहून दिले. घरी कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले इमान कच्चे. आठ महिने असेच गेले. अखेर एका लेडी डॉक्टरांनी मिस्टरांना बाहेर बसवून तिलाच विचारले, “तुम्हाला काय होते?” बाळंतपणानंतरचे नैराश्य असे निदान झाले. औषधाने व धीराने ती बरी झाली. पण ती आजही म्हणते, “आजारापेक्षा माझे कोणी खरे मानले नाही, हे जास्त लागले.”

स्त्रीचे दुखणे मनावर न घेण्याची खोड जुनी आहे. ‘हिस्टेरिया’ हा शब्दच मुळी ग्रीक भाषेतील गर्भाशयाच्या नावावरून आला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणातून तो काढून टाकला.

आपला वारसा मात्र वेगळा आहे. इ. स. ९३४ मध्ये निधन पावलेल्या अबू झैद अल्-बल्खी यांनी एकाच ग्रंथात शरीराचे व मनाचे आरोग्य शेजारी-शेजारी मांडले. दुआ अवश्य करा, पण इलाजही करा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागून २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. हा धडा आपण विसरता कामा नये.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळण्याचा, आजाराची माहिती मिळण्याचा व ती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली आहे. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ची मोफत सेवाही आहे.

भगिनींनो, डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्या : झोप केव्हापासून नाही, भूक कशी आहे, कोणते विचार येतात. थायरॉईड व रक्त तपासायला हवे का, हे विचारा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याकडे जा. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. ते मनाने बंद करू नका. जीव देण्याचे विचार येत असतील, किंवा बाळंतीण भलतेच बोलू लागली, नसलेले दिसू-ऐकू लागले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

बंधूंनो, सोबत अवश्य जा. पण उत्तर तिला देऊ द्या.

आणि विद्यार्थिनींनो, तुमच्यापैकी काही जणी उद्या डॉक्टर, नर्स होतील. तुमच्या समोर बसलेल्या बाईला पहिला प्रश्न तिलाच विचारा. एवढे झाले तरी या संस्थेने तुम्हाला शिकविल्याचे सार्थक होईल.