मोठं नाव आणि गटाची वही

हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडे ठेवा. आज बोलायचंय ते नट-नट्या आणि खेळाडू समाजकार्याला आपलं नाव देतात त्याबद्दल. टीव्हीवर कुणी हात जोडून आवाहन करतं, तेव्हा आपल्यातली एक म्हणते, "सगळी जाहिरातबाजी." दुसरी म्हणते, "एवढा मोठा माणूस सांगतोय म्हणजे खरंच असणार." दोघींनीही जरा थांबून बघायला हवं.

पोलिओचे डोस आठवा. अमिताभ बच्चन टीव्हीवरून विनवायचे, प्रसंगी रागवायचेही. त्या मोहिमेला त्यांनी आपला आवाज दिला होता. तो ऐकून कितीतरी घरांतली भीती गेली, बाया लेकरं घेऊन बूथवर आल्या. पण थंड डबा खांद्याला अडकवून वाड्या-वस्त्यांवर कोण फिरलं? अंगणवाडी सेविका, आशाताई, नर्सबाई. बाळाच्या बोटाला शाईची खूण त्यांनी केली. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. मोठ्या नावानं दार उघडलं, घरोघर जाणारे पाय मात्र आपल्यासारख्या बायांचे होते.

आता आपल्या दुष्काळाकडे या. २०१५ साली नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे मराठवाड्यात आले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांना त्यांनी १५ हजार रुपयांचे धनादेश दिले. त्याच वर्षी सप्टेंबरात नाम फाउंडेशन उभं राहिलं. त्यांना बघून लोकांनीही हात सैल सोडला, आणि पुढे संस्थेनं नाल्यांच्या खोलीकरणाचं काम हाती घेतलं. आता १५ हजार रुपये एका संसाराला किती दिवस पुरतात, हे तुम्हाला सांगायला नको. पण शेतकरी गेल्याची बातमी होते, मागं राहिलेल्या बाईची होत नाही. त्या वेळी ती झाली. त्यांचं नाव मोठं होतं म्हणून झाली.

आमिर खान आणि किरण राव यांच्या पाणी फाउंडेशननं वेगळी वाट धरली. २०१६ मध्ये वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई हे तीनच तालुके, ११६ गावं. पहिलं बक्षीस ५० लाखांचं, ते साताऱ्यातल्या कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं जिंकलं. दोन वर्षांत स्पर्धा ७५ तालुक्यांत पोहोचली. संस्थेनं गावकऱ्यांना प्रशिक्षण दिलं: समतल चर कसा आखायचा, दगडी बांध कुठं घालायचा, सांडपाण्याला शोषखड्डा कसा करायचा. खणायचं गावानंच, आणि श्रमदानाला गुण. गावोगावी बाया टिकाव-पाटी घेऊन माळावर गेल्या. नवल नाही. उन्हाळ्यात हंडा कुणाच्या डोक्यावर असतो?

पण स्पर्धा संपते, मंडप उठतो, कॅमेरे जातात. मग चरात गाळ भरला तर उपसायचा कुणी? अडवलेलं सगळं पाणी चार जणांच्या उसाला गेलं आणि मार्चमध्ये विहिरीनं तळ गाठला, तर जाब कुणाला विचारायचा? त्यासाठी मुंबईहून कुणी येणार नाही. पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, कोणतं पीक घ्यायचं ते ठरवायचं, हे आपलंच काम. त्या सभेत आपण बोललो नाही, तर घामाचं पाणी दुसऱ्याच्या शेतात जाईल.

सगळं काम एकाच नावाला टांगलं की काय होतं, त्याची एक दूरची गोष्ट सांगते. अमेरिकेत लान्स आर्मस्ट्राँग नावाचा सायकलपटू होता. त्याला कॅन्सर झाला, तो बरा झाला आणि १९९७ मध्ये त्यानं कॅन्सरच्या रुग्णांसाठी संस्था काढली. २००४ मध्ये एक डॉलरला एक असे पिवळे रबरी पट्टे निघाले. ते कोट्यवधी लोकांनी मनगटात घातले. पुढे २०१२ मध्ये सिद्ध झालं की तो बंदी असलेली औषधं घेऊन शर्यती जिंकत होता. त्याची मोठी विजेतेपदं गेली. त्याला संस्थेचं अध्यक्षपद सोडावं लागलं, संस्थेनं नावातून त्याचं नाव काढलं. रुग्णांचा यात काय दोष? तरी देणाऱ्यांचा विश्वास उडाला. संस्था आजही काम करते, पण तिला नव्यानं उभं राहावं लागलं.

म्हणून आता आपल्या गटापाशी येऊ. उद्या कुणी नटीचा फोटो छापलेलं पत्रक घेऊन येईल. मोबाइलवर व्हिडिओ येईल: "आमच्या फाउंडेशनकडून शिलाई मशीन मोफत, फक्त नोंदणीचे पाचशे रुपये भरा." हल्ली संगणकावर हुबेहूब चेहरा आणि आवाज बनवता येतो, तेव्हा डोळ्यांनी पाहिलं म्हणून खरं धरू नका. गटाच्या बैठकीत चार प्रश्न विचारा.

पहिला, संस्था कुठं नोंदलेली आहे? आपल्या राज्यात विश्वस्त संस्थांची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. नोंदणी क्रमांक मागा आणि तो खरा आहे का ते तपासून घ्या.

दुसरा, पैसे कुठं जातात? संस्थेच्या नावाच्या बँक खात्यात जात असतील आणि पावती मिळत असेल तर पुढं बोला. कुणाच्या खासगी नंबरवर मागितले तर एक रुपयाही पाठवू नका.

तिसरा, मदत द्यायची तर आधी आमच्याकडूनच पैसे का? याचं सरळ उत्तर आलं नाही, तर उठून या. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही.

चौथा, फोटो काढून झाल्यावर काय? मशीन बिघडलं, बंधारा फुटला तर दुरुस्ती कोण करणार, ते कागदावर लिहून घ्या.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

चांगल्या माणसाचं नाव चांगल्या कामाला लागलं तर आपण टाळ्या वाजवू, श्रमदानालाही जाऊ. पण महिन्याला शंभर-शंभर रुपये साठवून आपण गट उभा केलाय. येत्या बैठकीत हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, आणि जिला वाचता येत नाही तिला मोठ्यानं वाचून दाखवा.