वार्धक्यातील सहनिवास : स्नेह आणि नियोजन
(रुग्णालयाच्या वार्षिक दिनी प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षभरातील कार्याचा आढावा व जमाखर्चाचा तपशील या अहवालात अन्यत्र दिलेला आहे. त्याची पुनरुक्ती न करता आज एका वेगळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधण्याचा मानस आहे.

पन्नाशी ओलांडलेल्या मित्रमंडळींत एक बेत अलीकडे वारंवार ऐकू येतो. मुले पुण्याला, बंगळूरला अथवा परदेशी स्थिरावली. घरात दोघेच उरली. तेव्हा पाच-सहा कुटुंबांनी मिळून वर्धा रोडला किंवा काटोल रोडला जागा घ्यावी, शेजारी शेजारी घरे बांधावी, स्वयंपाकघर एक ठेवावे आणि उर्वरित आयुष्य एकमेकांच्या सोबतीने घालवावे. आम्ही मित्रही त्याला अपवाद नाही. वाणिज्य शाखेत एकत्र शिकलेलो असल्यामुळे आमच्या बैठकीत चहाबरोबर कॅल्क्युलेटरही येतो, इतकेच.

अशा बैठकांत जागेचा दर, खोल्यांचा आकार, अंगणात आंबा लावावा की चिकू, यांवर तासन्तास चर्चा होते. रुग्णालयाच्या प्रवेश खिडकीवरून मात्र या बेतातील निराळी उणीव दिसते. प्रवेश अर्जात ‘रुग्णाशी नाते’ असा एक रकाना असतो. त्यात पती, मुलगा, सून, पुतण्या असे शब्द येतात. क्वचित तेथे ‘मित्र’ असे लिहिले जाते. तो मित्र मध्यरात्री रुग्णाला घेऊन येतो, अनामत रक्कम भरतो, रक्ताची सोय करतो, बाकावर रात्र काढतो. जीव वाचवण्याचे तातडीचे उपचार कोणाच्या सहीवाचून अडत नाहीत, परंतु त्यापुढील निर्णयाची वेळ आली आणि रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसला, की डॉक्टरांना विचारावेच लागते, “घरचे कोणी आहे का?” चाळीस वर्षांचा स्नेह त्या प्रश्नापुढे निरुत्तर होतो. म्हणून आमचे आजचे सांगणे एवढेच, की सहनिवासाचा विचार करणाऱ्यांनी भूखंड पाहण्यापूर्वी, सर्वजण धडधाकट असतानाच, आपल्या वतीने कोणी बोलावे हे लिहून ठेवावे.

सहनिवासाची गरज काल्पनिक नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील व्यक्ती सुमारे १० कोटी ४० लक्ष होत्या. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे राष्ट्रीय सरासरीहून अधिक होते. नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये स्थापन केलेल्या मातृ सेवा संघाचा ‘पंचवटी’ वृद्धाश्रम आपणांस परिचित आहे. पुण्यात ‘अथश्री’ या नावाने ज्येष्ठांसाठी स्वतंत्र गृहसंकुले उभी राहिली. परंतु वृद्धाश्रम संस्था चालवते आणि संकुल व्यावसायिक बांधतो. मित्रांनी स्वतः उभारावयाच्या वसाहतीचा प्रश्न या दोहोंहून वेगळा आहे.

त्याचा एक धडा आपल्या विदर्भातच मिळतो. वर्ध्याजवळ पवनार येथे, धाम नदीच्या काठी, विनोबाजींनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या भगिनींनी तेथे सामूहिक जीवन स्वीकारले. स्वयंपाक, सफाई, शेती ही कामे त्यांनी स्वतः केली आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसंमतीने घेण्याचा दंडक पाळला. तरुणपणी आलेल्या अनेक भगिनी तेथेच वृद्ध झाल्या व त्यांची शुश्रूषाही सोबतिणींनीच केली. तो मार्ग अध्यात्माचा होता. त्यांच्यात वाटणीस यावी अशी खासगी मालमत्ता नव्हती. आपण संसारी माणसे. आपल्यामागे घर, ठेवी आणि वारस आहेत. त्यामुळे त्यांनी साधनेने जे साधले, ते आपल्याला बऱ्याच अंशी कागदपत्रांनी साधावे लागणार आहे.

दुसरा धडा लंडनचा. तेथील पन्नाशीपुढील काही स्त्रियांनी १९९८ मध्ये एकत्र राहण्याचा संकल्प केला. जागा, निधी आणि परवानग्या मिळून पंचवीस घरांची वसाहत प्रत्यक्षात यायला २०१६ साल उजाडले. म्हणजे अठरा वर्षे गेली. पासष्टीला आरंभ करू म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानी ठेवावा. त्या भगिनींनी आणखी एक दक्षता घेतली : सर्व सदस्य एकाच वयाच्या असू नयेत.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला घसारा ही कल्पना परिचित असते. एकाच वर्षी घेतलेली यंत्रे साधारणतः एकाच सुमारास थकतात. वर्गमित्रांचेही तसेच आहे. पासष्टीत सहाही जोडपी एकमेकांना सावरू शकतील. परंतु ऐंशीच्या घरात कोणाचे गुडघे, कोणाची दृष्टी, कोणाची स्मृती, सारे एकाच काळात क्षीण होईल. तेव्हा कोणी कोणाला उचलावे? यावर दोनच उपाय संभवतात. पहिला, दहा-पंधरा वर्षांनी लहान अशी दोन-तीन कुटुंबे आरंभापासून सोबत घेणे. दुसरा, शुश्रूषेसाठी स्वतंत्र राखीव निधी. सहा कुटुंबांनी दरमहा प्रत्येकी ३,००० रुपये बाजूला ठेवले, तर वर्षाला २,१६,००० आणि दहा वर्षांत, व्याज सोडूनही, २१,६०,००० रुपये जमतात. इमारतीच्या देखभालीचा निधी व हा निधी एकत्र करू नये. गळके छत नेहमीच आजारी माणसाआधी पैसे मागते.

आता व्यवहाराच्या चार बाबी.

जागा शेतीची असेल तर सावध राहावे. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमानुसार शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकत घेण्यास निर्बंध आहेत. “आधी घेऊ, मग बघू” हे धोरण येथे चालत नाही. रुग्णालयापासूनचे अंतरही वेळेत मोजावे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते व त्याआधी मेंदूचा स्कॅन करावा लागतो. रम्य पण दुर्गम फार्म हाऊसची ही किंमत कोणत्याही खरेदीखतात लिहिलेली नसते.

बांधकामाविषयी ‘महारेरा’ने २०२४ मध्ये निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी निकष ठरवून दिले आहेत. चाकाची खुर्ची जाईल असे रुंद दरवाजे, उतरंड, न घसरणाऱ्या फरशा, आधाराच्या दांड्या व एकाहून अधिक मजले असल्यास लिफ्ट, या गोष्टी खासगी बांधकामातही पाळाव्या. नागपूरकरांनी त्यात एक भर घालावी : मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा वीज गेली तरी थंड राहील अशी एक सामायिक खोली असावी. उन्हाचा तडाखा म्हाताऱ्या माणसाला तरुणाहून लवकर गाठतो.

मालकीसाठी काहीजण धर्मादाय न्यास सुचवतात. सार्वजनिक न्यास सार्वजनिक हितासाठी असतो. स्वतःच्या निवासाची सोय हे त्याचे प्रयोजन होऊ शकत नाही. वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान पाच व्यक्तींना सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापता येते, तो मार्ग अधिक सरळ आहे. मात्र नामनिर्देशन केले म्हणजे वारसा ठरला असे होत नाही. हक्क मृत्युपत्राने अथवा वारसा कायद्याने ठरतो. मित्राच्या पश्चात त्याचा मुलगा घर अपरिचिताला विकेल काय, प्रथम कोणाला विचारील, किंमत कोण ठरवील, हे वकिलाच्या साह्याने आधीच लिहावे. राहते घर मुलांच्या नावे करून मग सहनिवासात जाणाऱ्यांनी ‘नटसम्राट’मधील बेलवलकरांची आठवण ठेवावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ दात्याला संरक्षण देते. परंतु सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिणे श्रेयस्कर.

चौथी बाब प्रवेश अर्जातील त्या रकान्याची. मित्राला मुखत्यारपत्र दिले की झाले, असा समज आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार देणाऱ्याची मानसिक क्षमता नष्ट झाली की साधे मुखत्यारपत्र संपुष्टात येते. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी ते निरुपयोगी ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अखेरच्या आजारातील उपचारांविषयी आगाऊ इच्छापत्र मान्य केले आणि २०२३ मध्ये त्याची रीत सुलभ केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते व आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावे त्यात नमूद करता येतात. त्याची एक प्रत मुलांकडे, एक मित्रांकडे आणि एक आपल्या डॉक्टरांकडे असावी.

सर्वांत अवघड कलम आम्ही शेवटी घेतो. एखाद्या सोबत्याला स्मृतिभ्रंश झाला, तो रात्री दारे ठोठावू लागला, त्याची पत्नीही थकली, तर उरलेल्यांनी काय करावे? त्याला जाण्यास सांगावे काय? हा प्रश्न उच्चारताच आमची बैठक स्तब्ध झाली होती. उत्तर प्रत्येक मंडळींचे निराळे असेल. परंतु आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला हे येणार, हे जोवर कोणालाच ठाऊक नाही, तोवरच त्याचे न्याय्य उत्तर लिहिता येते. पुढे प्रत्येक शब्दाला एखाद्याचा चेहरा चिकटतो. या बैठकीला मुलांनाही बोलवावे. आईवडील मित्रांत राहायला गेले म्हणून मुलांचे नाते रद्द होत नाही. रात्री दोन वाजता दूरध्वनी कोणाला जाईल, एवढे त्यांना ठाऊक असावे.

देणगीदार बंधुभगिनींनो, आपल्या औदार्यामुळे या रुग्णालयात खाटा आणि औषधे उपलब्ध होतात. खाटेशेजारी बसणारा माणूस मात्र आम्हांला विकत आणता येत नाही. तो ज्याचा त्याने आयुष्यभर जोडावा लागतो. ज्यांनी तो जोडला आहे, त्यांनी त्याला लेखी अधिकारही द्यावा. संस्थेचे हिशेब आपण दरवर्षी ३१ मार्चला पूर्ण करतो. या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत आपणही एकदा मित्रांसमवेत बसून हे कागद पूर्ण करावेत, अशी नम्र विनंती आहे.